जनावरांवर शिकताना आणि संशोधन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. करवीर तालुक्यात माझा दवाखाना आहे आणि गेली काही वर्षं मी संस्थांच्या प्राणी नैतिकता समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. इथली मुलं व्हेटर्नरीला शिरवळ, परळ, परभणी, उदगीरला जातात. बी.फार्म., एम.फार्म. आणि प्राणिशास्त्राची मुलं मात्र कोल्हापुरातच शिकतात. या मुलांचे, त्यांच्या पालकांचे आणि दूध संस्थेच्या कट्ट्यावर भेटणाऱ्या शेतकऱ्यांचे मेसेज सतत येतात आणि बरेचसे प्रश्न तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्राणी नैतिकता समिती म्हणजे नेमकं काय? ती सरकारची असते की कॉलेजची?

दोन्ही पातळ्यांवर समित्या आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम १५ खाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची एक समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. ती केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाकडे येते. प्रयोगासाठी जनावरं पाळणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि संस्थेत स्वतःची समिती नेमावी लागते. तिलाच सगळे आयएईसी म्हणतात. कारभार चालतो तो १९९८ च्या नियमांवर, ज्यांत २००१ आणि २००६ मध्ये दुरुस्त्या झाल्या.

उंदीर, घूस, ससा, गिनीपिग अशा लहान प्राण्यांवरच्या कामाला आयएईसी मंजुरी देते. कुत्रा, घोडा, गाय, म्हैस असे मोठे प्राणी असतील तर आयएईसी फक्त शिफारस करते आणि परवानगी केंद्रीय समिती देते. परवानगी हातात येईपर्यंत कामाला सुरुवात करायची नाही. "काम सुरू करतो, कागद नंतर येईल" हे वाक्य मी बैठकीत अनेकदा ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी फाइल बंद केली आहे.

२. सरकारी दवाखान्यात माझ्या म्हशीवर उपचार केले. तो पण प्रयोगच झाला का?

नाही. आजारी जनावर बरं व्हावं म्हणून केलेलं काम म्हणजे उपचार. त्यासाठी कुठल्याही समितीची परवानगी लागत नाही, पशुवैद्यक नोंदणीकृत असला की झालं. नियमांतली प्रयोगाची व्याख्या ज्ञान मिळवण्याशी बांधलेली आहे: जैविक, शारीरिक, वर्तनविषयक कुठलीही माहिती मिळवण्यासाठी जनावर वापरलं की तो प्रयोग. लस, रक्तद्रव, अभिकर्मक (रीएजंट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासणीला लागणारे पदार्थ) तयार करायला जनावर वापरणंही त्याच व्याख्येत येतं.

गोंधळ होतो तो मधल्या जागेत. म्हैस आजारी आहे, उपचारही चालू आहेत, पण डॉक्टर दोन औषधांची तुलना करून पेपर लिहिणार आहेत. अशा वेळी तो अभ्यास झाला. मालकाला आधी सांगायला हवं आणि समितीसमोर कागद जायला हवा. मी एकच प्रश्न विचारते: अभ्यास नसता तर या जनावराला ही सुई टोचली असती का? उत्तर नाही असेल तर ती सुई समितीच्या कक्षेत आली.

३. या समितीवर कोण कोण असतं? सगळे त्याच कॉलेजचे असतील तर उपयोग काय?

शंका रास्त आहे आणि नियम करणाऱ्यांनाही ती होती. संस्थेतला एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या जैविक शाखांतले दोन शास्त्रज्ञ, जनावरांची देखभाल पाहणारा पशुवैद्यक आणि प्राणिगृहाचा प्रमुख एवढे आतले. संस्थेबाहेरचा एक शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा पण सामाजिक जाण असलेला एक सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी हे बाहेरचे. बाहेरच्यांची नेमणूक केंद्रीय समिती करते.

माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी प्रश्न विज्ञानाबाहेरच्या सदस्याचे असतात. एका बैठकीत निवृत्त शिक्षिका होत्या. सादरीकरण संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाळ, रविवारी त्या उंदरांना पाणी कोण घालतं?" मुलाकडे उत्तर नव्हतं. तो प्रस्ताव पुढच्या बैठकीला सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक जोडून आला.

४. 'तीन आर' म्हणजे काय? परीक्षेतही विचारतात.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार आहे. जनावराशिवाय काम होत असेल तर जनावर वापरू नका, हा पर्याय शोधण्याचा नियम (रिप्लेसमेंट). वापरावंच लागलं तर कमीत कमी वापरा (रिडक्शन). आणि जेवढं वापराल त्याला कमीत कमी त्रास होईल अशी पद्धत निवडा (रिफाइनमेंट). आपल्या केंद्रीय समितीने चौथी गोष्ट जोडली, पुनर्वसन (रिहॅबिलिटेशन). त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

पहिल्या नियमाचं उदाहरण तुमच्या घरातच सापडेल. पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आजी-आजोबांना विचारा. ती लस रेबीजची लागण केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूपासून बनत असे. माणसाला वेदना, काहींना मज्जासंस्थेचे दुष्परिणाम आणि मेंढीचा तर जीवच जायचा. २००४ च्या अखेरीस भारताने ती बंद केली. आता पेशींवर वाढवलेल्या विषाणूची लस मिळते, दंडात घेता येते आणि जास्त सुरक्षितही आहे. पर्याय शोधला की माणसाचंही भलं होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

५. बी.एस्सी.ला बेडूक कापणं बंद झालं म्हणतात. मग व्हेटर्नरीला कसं चालतं?

प्राणिशास्त्रातलं विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये थांबवायला सांगितलं. कारण सरळ आहे. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला पुढे बेडकाच्या पोटावर शस्त्रक्रिया करायची नसते. तीच माहिती मॉडेल आणि संगणकावरून मिळते.

पशुवैद्यकाला मात्र म्हशीच्या पोटात हात घालावाच लागणार आहे. म्हणून भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या अभ्यासक्रमात शरीररचनेचं विच्छेदन आहे, म्हैस किंवा बैल मुख्य आणि शेळी, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी तुलनेसाठी. पण तिथेही जिवंत जनावर शिकवण्यासाठी मारायची गरज नसते. नैसर्गिक मरण आलेल्या जनावराचं शव फॉर्मॅलिनमध्ये टिकवता येतं. लोकांनी दिलेली शवंही चालतात, त्याबद्दल प्रश्न २० मध्ये लिहिलं आहे.

६. मग मुलं ऑपरेशन शिकणार कशावर? हात बसल्याशिवाय डॉक्टर कसा होणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि पालकांपेक्षा जुने डॉक्टर तो जास्त विचारतात. "आम्ही जिवंत कुत्र्यावर शिकलो म्हणून हात बसला," असं म्हणतात. १९६० च्या कायद्यातच, कलम १७ मध्ये, दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या आहेत. पुस्तकं, मॉडेल, चित्रफिती यांनी तेवढंच शिकवता येत असेल तर शिक्षणसंस्थांनी प्रयोग टाळावेत. आणि केवळ हाताची सफाई मिळवण्यासाठी प्रयोग करू नयेत. यातला दुसरा मुद्दा ६० वर्षांहून जास्त काळ कायद्यात आहे, तरी अनेकांना तो नवीन वाटतो.

शिकण्याची शिडी अशी आहे. टाके घालणं आधी फोमच्या पॅडवर, मग केळीच्या सालीवर. सालीला हसू नका. ताण जरा जास्त पडला की ती फाटते, आणि आतड्याचा टाका कसा घालायचा हे तिच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. त्यानंतर कत्तलखान्यातून आणलेलं आतडं, गर्भाशय, सड. मग शवावर पूर्ण शस्त्रक्रिया, भूल दिल्यासारखी सगळी तयारी करून. शेवटी जिवंत रुग्ण, ज्याला ती शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे, आणि शेजारी वरिष्ठ उभे. आधी धागा पकडायचा, मग कातडी शिवायची, मग आतला थर.

कुत्र्यांच्या नसबंदीत हे फार चांगलं जमतं. कुत्रीला शस्त्रक्रिया हवीच असते, संख्याही मोठी असते आणि एकाच पद्धतीची पुनरावृत्ती होते. पण तिथेही अट आहे. वेळ वाढला की भूल वाढते, म्हणून विद्यार्थ्याने सुरू केलेलं काम ठरलेल्या वेळात संपलं नाही तर वरिष्ठाने हातात घ्यायचं. घड्याळ टेबलासमोर लावा.

७. एका म्हशीवर किती विद्यार्थ्यांनी पॅल्पेशन करायचं? आमच्या बॅचमध्ये १५ जण होते.

हे उत्तर मोठं होणार, कारण या बाबतीत कागदावर कुणी फारसं लिहीत नाही आणि त्रास मात्र रोजचा आहे.

मी विद्यार्थिनी होते तेव्हाची गोष्ट. खोड्यात एक भाकड म्हैस, कानात बिल्ला, आणि रांगेत आम्ही. पॅल्पेशन, म्हणजे गुदमार्गे हात घालून गर्भाशय आणि बीजांड ओळखणं, करायचं होतं. माझा नंबर अकरावा. माझ्या आधीच्या मुलाने हात बाहेर काढला तेव्हा हातमोज्यावर शेणाबरोबर रक्ताच्या रेघा होत्या. म्हैस पाठ कमानीसारखी वर करून कुंथत होती, शेपूट एका बाजूला ताठ धरलेलं. मला "घाल हात, घाबरू नको" असं सांगण्यात आलं आणि मी घातला. आतड्याचं अस्तर सुजून इतकं जाड झालं होतं की काहीच समजलं नाही. म्हणजे म्हशीला दुखलं ते दुखलंच आणि मी शिकलेही नाही. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे असंच चालायचं.

यात पाप एवढंच नाही की म्हैस बोलू शकत नव्हती. ती बोलत होती, पाठीने आणि शेपटीने बोलत होती. वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी ज्या प्रशिक्षणात जाते तिथे माझा आग्रह असा असतो: एका जनावराला दिवसात तीन शिकाऊ हात, मग निदान दोन दिवस सुट्टी. नखं कापलेली, अंगठी काढलेली, हातमोज्याला पुरेसं लिक्विड पॅराफिन. साबणाचं पाणी नको, त्याने आतलं अस्तर चुरचुरतं. आतडं आवळलं असेल तर हात तसाच थांबवायचा, जोर लावायचा नाही. मोज्यावर रक्त दिसलं की त्या जनावराचा दिवस संपला, रांगेत कितीही जण असोत. नुकत्याच गाभण ठरलेल्या म्हशीवर शिकाऊ हात अजिबात नाही, गर्भ दगावू शकतो.

१५ जण असतील तर बाकीच्यांनी काय करायचं? कत्तलखान्यातलं गर्भाशय लाकडी खोक्यात ठेवा, वरून कापड टाका आणि न बघता हाताने ओळखायला लावा. डावं बीजांड कुठलं, उजव्यावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) आहे का, गर्भाशयाच्या शिंगांची जाडी सारखी आहे का. खोक्यावर आठवडाभर बसलेल्या मुलीला म्हशीत हात घातल्यावर दोन मिनिटांत सापडतं. न बसलेल्याला दहा मिनिटांतही सापडत नाही.

८. गावात वंध्यत्व निवारण शिबिर होतं. डॉक्टरांबरोबर आलेली पोरं माझ्या म्हशीला तपासत होती. मला नको म्हणता येतं का?

हो दादा, येतं. म्हैस तुमची आहे. विद्यार्थी नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हात लावू शकतात, आणि तेही तुम्ही हो म्हटल्यावर. "डॉक्टरसाहेब, तुम्हीच बघा" एवढं म्हटलं तरी पुरतं. तुम्ही पोरांना नको म्हटलं म्हणून शिबिरातला उपचार तुम्हाला कुणी नाकारू शकत नाही. कुणी तसं केलं तर शिबिर घेणाऱ्या दूध संस्थेला किंवा पशुसंवर्धन विभागाला सांगा.

पण एक विनंती करते. एका विद्यार्थ्याला, डॉक्टरांनी आधी तपासल्यावर, एकदा बघू द्या. उद्या रात्री दोन वाजता तुमच्या गोठ्यात अडलेली म्हैस सोडवायला तोच येणार आहे. एकाला हो आणि रांगेला नाही, असं म्हणा.

९. एवढा त्रास आहे तर प्राण्यांवरचे प्रयोग सरसकट बंद का करत नाहीत?

उसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसाला सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) नेल्यावर जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषाचे अगदी थोडे डोस घोड्याला देतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि ती वेगळी काढतात. आज त्याला पुरेसा पर्याय नाही. उद्या तो बंद केला तर पावसाळ्यात माणसं मरतील.

पण पर्याय नाही म्हणून घोड्याला कसंही वागवायचं असं होत नाही. प्रतिद्रव्यांसाठी वापरलेला प्राणी प्रश्न २ मधल्या प्रयोगाच्या व्याख्येतच आहे. घोड्याच्या वजनाच्या प्रमाणात किती रक्त काढायचं, तांबड्या पेशी परत त्याच्या अंगात सोडायच्या का, टोचलेल्या जागी गळू झालं तर काय, म्हातारा झाल्यावर तो कुठे जाणार, हे सगळं विचारायला समिती असते.

दुसरं उदाहरण जनावरांच्याच भल्याचं. २०२२ मध्ये लम्पीने आपल्याकडची किती गाई-वासरं गेली ते प्रत्येक गोठ्याने पाहिलं. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिस्सार आणि इज्जतनगरच्या केंद्रांनी लम्पीची देशी लस जाहीर केली. कुठल्या तरी वासरांवर चाचणी झाल्याशिवाय ती लस आली नसती. त्या वासरांचा मान राखायचा तर एकही जास्तीचं वासरू वापरलं जाऊ नये, एवढं तरी पाहिलं पाहिजे.

१०. माझा फॉर्म बी दोनदा परत आला. एम.फार्म.चं वर्ष वाया जाईल. काय चुकतं?

फॉर्म बी म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. परत येण्याची कारणं बहुतेक तीच असतात.

पहिलं, जनावरांची संख्या. "प्रत्येक गटात सहा" असं सगळे लिहितात, कारण आधीच्या प्रबंधात तसं होतं. का सहा, हे लिहा. साधा हिशोब असा: एकूण जनावरांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० च्या दरम्यान यायला हवं. पाच गटांत सहा-सहा म्हणजे ३०, वजा ५, उत्तर २५. जास्त झाले. पाच-पाच घेतले तर २५ वजा ५, बरोबर २०. पाच उंदीर वाचले आणि निष्कर्षात काही फरक पडला नाही. सांख्यिकीच्या सरांकडून नेमका हिशोब करून घेतलात तर आणखी चांगलं.

दुसरं, जुनी पद्धत. निम्मी जनावरं मरेपर्यंत डोस वाढवण्याची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची पद्धत २००२ च्या अखेरीस रद्द झाली. त्याऐवजी ४२०, ४२३, ४२५ आहेत. ४२३ मध्ये एका पायरीला तीनच जनावरं लागतात. तरी अजून कुणीतरी जुनीच पद्धत उतरवून आणतो.

तिसरं, माहीत असलेलंच पुन्हा. ज्याचा निष्कर्ष पक्का ठरलेला आहे तो प्रयोग सबळ कारणाशिवाय पुन्हा करायचा नाही, असं नियम सांगतो. त्याच वनस्पतीचा तोच अर्क आणि तोच मधुमेहाचा उंदीर असेल, तर तुमच्या कामात नवीन काय ते पहिल्या परिच्छेदात लिहा.

चौथं आणि मला सगळ्यात खटकणारं: प्रयोग मध्येच कधी थांबवणार ते लिहिलेलंच नसतं. "प्राण्यांचं निरीक्षण केलं जाईल" याला अर्थ नाही. वजन किती टक्के घटलं की थांबणार? खाणं किती वेळ बंद असलं की? एकदा प्राणिगृहात एक मुलगा धावत आला, "मॅडम, उंदराच्या डोळ्यांतून रक्त येतंय." ते रक्त नव्हतं. ताण किंवा आजारपण आलं की उंदराच्या डोळ्यांभोवती तांबूस स्राव दिसतो. निरोगी उंदीर तो पंजाने पुसून टाकतो. पुसत नाही म्हणजे स्वतःला साफ करायचंच त्याने सोडलं आहे. उंदीर रात्री हिंडतो, दिवसा झोपतो. त्यामुळे दुपारी बारा वाजता "सगळं ठीक" लिहून जाणाऱ्याला हे कळत नाही. संध्याकाळी सातला बघा.

११. प्रयोग संपल्यावर प्राण्यांचं काय करतात? सगळे मारतात का?

सगळे मारायचे नाहीत. प्रयोगानंतरची देखभाल आणि पुनर्वसन ही प्रयोग करणाऱ्याची जबाबदारी आहे आणि तो खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकातच धरायचा असतो. दयामरण कधी द्यायचं तेही नियमांत आहे: जनावर लुळं पडून नैसर्गिक हालचाली करू शकत नसेल, त्याला सतत वेदना होत असतील, किंवा ते जिवंत राहिल्याने माणसांना वा इतर प्राण्यांना धोका असेल तर. भुलेखाली असताना इतकी इजा झाली की शुद्धीवर येऊन फक्त यातनाच होणार, तर शुद्धीवर येऊ न देताच संपवायचं, हे कलम १७ सांगतं.

ऊती तपासायच्या असतील तर उंदीर जगत नाही, हे खरं आहे. तसं असेल तर ते फॉर्ममध्ये आधी मंजूर झालेलं हवं. "जागा नाही" हे कारण चालत नाही.

१२. महापालिकेने पकडलेली भटकी कुत्री कॉलेजला शिकायला देता येतील का?

नाही. संस्थेने जनावरं नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यायची असतात. तिथे मिळत नसतील तर लेखी परवानगी घेऊन दुसऱ्या कायदेशीर मार्गाने. रस्त्यावरून उचलणं हा तसा मार्ग नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदीसाठी पकडलेलं कुत्रं बरं झाल्यावर जिथून आणलं तिथेच सोडायचं असतं. त्या नसबंदीत देखरेखीखाली शिकता येतं, ते प्रश्न ६ मध्ये आलं आहे.

१३. आमच्या लॅबमध्ये जिवाणू वाढवायला मेंढीचं रक्त लागतं म्हणून दोन मेंढ्या पाळल्या आहेत. त्यालाही परवानगी?

हो. अभिकर्मक तयार करायला जनावर वापरणं प्रश्न २ मधल्या व्याख्येत येतं. दोन मेंढ्या पाळायला परवानगी कशाला, असं वाटतं खरं. पण मी अशा मेंढ्या पाहिल्या आहेत ज्यांच्या मानेच्या शिरेवर टोचून टोचून गाठी झाल्या होत्या आणि डोळ्याची खालची पापणी ओढली तर कागदासारखी पांढरी.

हिशोब सोपा आहे. मेंढीत किलोमागे साधारण ६० मिलिलिटर रक्त असतं. ३० किलोच्या दख्खनी मेंढीत १८०० मिलिलिटर. एका वेळी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे १८० पर्यंत, आणि पुढचं महिनाभराने. कुठली बाजू टोचली त्याची नोंद ठेवा, पुढच्या वेळी दुसरी बाजू. एकच मेंढी एकटी ठेवू नका. कळपातलं जनावर एकटं पडलं की खाणं सोडतं.

१४. एम.व्ही.एस्सी.साठी शेतकऱ्यांच्या म्हशींना नवीन खुराक देऊन दूध मोजायचं आहे. सुई नाही, काही नाही. तरी समिती?

समितीसमोर ठेवाच. ज्ञान मिळवण्यासाठी जनावर वापरताय, सुई असो वा नसो. शिवाय खुराक बदलल्याने पोट बिघडलं, दूध आटलं तर तो त्रास म्हशीचा आणि तोटा घरातल्या काकींचा, ज्यांचा महिन्याचा हिशोब त्या दुधावर चालतो. भरपाई कोण देणार, कधी थांबवणार, मधेच नको म्हणता येईल का, हे मराठीत, एका पानात, वाचून दाखवून सही घ्या. इंग्रजी फॉर्मवर घेतलेला अंगठा मी संमती मानत नाही.

१५. शहरात गवा शिरला होता. पकडताना त्याचं रक्त संशोधनाला घेता आलं असतं का?

गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. संशोधनासाठी त्याला हात लावायचा तर १९७२ च्या या कायद्याच्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि पहिल्या अनुसूचीसाठी केंद्राचीही. आयएईसीचा कागद इथे पुरत नाही. गर्दीने पळवून पळवून दमलेला गवा भुलेखाली कधीही दगावू शकतो. अशा वेळी उपचारासाठी लागेल तेवढंच रक्त घ्यायचं. राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांवर अभ्यास करायचा असेल तर शेण गोळा करण्यापासून सुरुवात करता येते, पण अभयारण्यात शिरायलाही वनखात्याचा कागद हवाच.

१६. मासे धरतात का यात?

धरतात. कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, आणि माशांवरच्या प्रयोगांसाठी केंद्रीय समितीच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना आहेत.

१७. प्राणिगृहाची तपासणी होते तेव्हा काय बघतात?

पुस्तकी यादी सगळ्यांना पाठ असते: बारा तास उजेड, बारा तास अंधार, आर्द्रता ३० ते ७० टक्के, नवीन लहान प्राणी निदान आठवडाभर वेगळे, मोठे सहा आठवडे. मी वीज गेल्यावर काय होतं ते बघते. जनरेटर आहे, पण डिझेल आहे का? आणि २०१९ नि २०२१ नंतर कोल्हापुरात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पंचगंगेचं पाणी चढलं तर पिंजरे कोण उचलणार, कुठल्या मजल्यावर नेणार, रात्री किल्ली कुणाकडे? पिंजऱ्यातल्या प्राण्याला पोहता आलं तरी बाहेर पडता येत नाही. त्या माणसाचं नाव आणि फोन दारावर लिहिलेला हवा.

१८. गैरप्रकार दिसला तर तक्रार कुठे करायची? शिक्षा काय होते?

आधी लेखी, संस्थाप्रमुखांकडे आणि आयएईसीच्या अध्यक्षांकडे. तारीख, वेळ, जनावराचा क्रमांक आणि काय पाहिलं तेवढंच लिहा, ऐकीव गोष्टी नकोत. उत्तर नाही आलं तर केंद्रीय समितीकडे. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडेही जाता येतं. सरकारी संस्था असेल तर बैठकीचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येतं.

शिक्षेचं ऐकून लोक थक्क होतात. समितीचे आदेश मोडल्यास कलम २० खाली दंड २०० रुपयांपर्यंत. कलम ११ मधल्या क्रूरतेला पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. इतके जुने आकडे आजही तसेच आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो. जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळं. संस्थांना खरी भीती कलम १९ ची असते. त्याखाली केंद्रीय समिती संस्थेचे प्रयोगच थांबवू शकते.

१९. मला जिवंत जनावरावर प्रॅक्टिकल करायचं नाही. सर नापास करतील अशी भीती वाटते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी दारात उभं राहून सांगू नका. सत्राच्या सुरुवातीला विभागप्रमुखांना अर्ज द्या. त्यात कलम १७ चा पर्यायी साधनांचा मुद्दा लिहा आणि तेच कौशल्य दुसऱ्या कशावर दाखवाल तेही लिहा, खोकं, शव किंवा मॉडेल. नुसतं "जमणार नाही" म्हणणाऱ्याला शिक्षक टाळतात, पर्याय घेऊन येणाऱ्याला बहुतेक ऐकून घेतात. मात्र व्हेटर्नरीची पदवी हवी असेल तर आजारी जनावराला हात लावणं टाळता येणार नाही. तुमचा विरोध नेमका कशाला आहे हे आधी स्वतःशी ठरवा.

२०. आमचा कुत्रा १३ वर्षांचा होऊन वारला. त्याचं शव व्हेटर्नरी कॉलेजला देता येईल का?

येतं, आणि एका शवावर चार-पाच मुलं वर्षभर शिकू शकतात. वेळ फार महत्त्वाची आहे. आधीच विचार केला असेल तर कॉलेजच्या शरीररचना विभागाला आधीच फोन करून ठेवा, ते घेतील का आणि कोणत्या दिवशी. गेल्यावर शव डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठल्याने पेशी फुटतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भोवती बर्फ लावा आणि काही तासांत पोहोचवा. कोल्हापूरहून शिरवळ हायवेने त्याच दिवशी गाठता येतं. रेबीजची थोडी जरी शंका असेल तर मात्र देऊ नका आणि स्वतः हाताळूही नका. दयामरण दिलं असेल तर कुठल्या औषधाने ते चिठ्ठीवर लिहा. सोबत वय, जात, आजार आणि शेवटचे उपचार. गळ्यातला पट्टा काढून घरी ठेवा, तिथे तो कचऱ्यात जाईल.